तळाची वाळू

मत्स्यकेंद्राचं पत्र येऊन महिना झाला, तरी दिगंबर तोरसकरांनी उत्तर दिलं नव्हतं. ‘समुद्राचं नायट्रेट ऐंशीवर गेलंय, आमचे शेवटचे चाळीस मासे तगत नाहीत. घरच्या टाकीत तुम्ही ते दोनवर कसं आणलंत?’ काय लिहिणार? पत्नी गेल्यापासून नऊ वर्षं त्यांनी तळाची वाळूच धुतली नव्हती.

“बाबा, तेच तर औषध!” सून शर्वरी म्हणाली. “त्या वाळूत हवा पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेट खातात. तुमच्या आळसाला पहिल्यांदाच कुणी विचारतंय. बरणीभर पाठवा.”

मासे बाहेर ठेवायला गावात दुसरं स्वच्छ खारं पाणी नव्हतं. त्यांनी तसाच पळीने तळ उकरला. काळी वाळू वर आली, सडक्या अंड्यांचा वास सुटला. पत्नीने आणलेल्या दोन माशांपैकी एक कलला.

“बाबा, थांबा! विषारी वायू आहे तो!”

“बरणी अर्धीच भरलीय,” म्हणत त्यांनी पळी पुन्हा बुडवली.

दुपारी त्यांनी लिहिलं, ‘उशिराबद्दल क्षमा असावी. पद्धत काही नाही, निव्वळ आळस. ही वाळू आधी मासे नसलेल्या टाकीत पसरा. माझ्याकडे दोन मासे होते, आता एक आहे.’

बरणी आणि पत्र त्यांनी स्वतः पोस्टात नेऊन दिलं.