दुसरी ओळ
मिरचीच्या मुळांना उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. मी मैनाबाईंच्या वावरात एका ओळीला करंजाचं तेल दिलं, दुसरी तुलनेसाठी तशीच ठेवली. फरक दिसला तरच किरनापूरचे कृषी अधिकारी गावासाठी तेल मंजूर करणार होते. महिन्याने पाहतो तर दोन्ही ओळी हिरव्यागार. “मावशी, दुसरीलाही तेल दिलं?” “हौ. एकीले जेवू घालाचं न् दुसरीले उपाशी ठेवाचं काय, बापू?” साहेबांच्या तपासणीला आठच दिवस उरले. तेवढ्यात बांधापलीकडची दुलीचंदची मिरची दिसली. “मिरच्या वावरातच तळता काय?” म्हणत त्याने तेल नाकारलं होतं; त्याची अर्धी रोपं वाळली होती. साहेबांना तीच दाखवायची, असं मी ठरवलं. संध्याकाळी दुलीचंद रिकामी बाटली घेऊन आला. “मलेही द्या थोडं. अर्धी जित्ती हायेत अजून.” आठ दिवस थांबा, असं ओठांवर आलं होतं. मी बाटली भरली.