अंगाइतकं ऊन पाणी

थंडीत यमुताईंचे गुडघे धरत, म्हणून त्यांच्या डॉक्टर यजमानांनी पंच्याऐंशी साली रामदासपेठेतल्या बंगल्याच्या गच्चीवर सोलरचे काळे पत्रे बसवले, आणि अंगणातला पोहायचा हौद हिवाळ्यातही कोमट राहू लागला. हौदाचा थर्मामीटर फुटल्यापासून कंपाउंडर देवाजी दवाखान्यातला तापाचाच थर्मामीटर पाण्यात बुडवी. पारा कधी पहिल्या रेघेलाही शिवत नसे.

आज तो थेट अठ्ठ्याण्णव पॉइंट चारला जाऊन थांबला.

देवाजीने थर्मामीटर झटकून पुन्हा बुडवला. पुन्हा तेवढाच. तीन दिवस आभाळ भरलेलं होतं, पंप बंद होता, आणि पत्र्यांवर ताडपत्री तर त्यानेच बांधली होती.

"बाई, आज पाण्यात नोका उतरू."

"काहून गा? आज तर पाणी कसं छान ऊन झालंय," हात बुडवत यमुताई हसल्या.

गच्चीवरून येणाऱ्या पाइपावर देवाजीने सवयीने तीन बोटं टेकवली आणि घड्याळ लावून मिनिटभर मोजलं. बहात्तर. निवांत पडलेल्या माणसासारखे संथ ठोके.

यमुताईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

त्याच्या बोटांखाली नाडी धावू लागली.