न अडकणारा कॉम्प्युटर

“गो बाय, परत अडाकलो!” भिकाजीने तिसऱ्यांदा तो जुना कॉम्प्युटर वर्षालीच्या दुरुस्तीच्या दुकानात तिच्या टेबलावर आणून ठेवला. “तिका काय तरी सांगूचा आसता, आनि ह्यो मदीच झोपता.”

ती म्हणजे त्याची बायको, सावित्री. मालवणात कचेरीत तिने तीस वर्षं मराठी टायपिंग केलं होतं. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. पेन धरता येईना. डाव्या हाताचं एक बोट मात्र कीबोर्ड विसरलं नव्हतं.

“काका, नवीनच घ्या ना,” वर्षाली म्हणाली.

“नको. निवृत्त झाल्यार तिना हौसेन घेतलेलो ह्यो. तिचो हात ह्येच्यारच बसलोहा.”

वर्षालीने आधी त्यात उबंटू ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घालून पाहिली होती. देखणी, पण एकशे अठ्ठावीस एमबी मेमरीला ती पेलली नाही. मग त्याच जातीची एक चिमुकली लिनक्स प्रणाली घातली. ती चपळ होती, पण तिच्यात मराठी जोडाक्षरं फुटत आणि तिथेच मशीन अडके. आता तिने त्यांतलंच जुनं, भरवशाचं डेबियन घेतलं. त्यात नवं काही नव्हतं, सगळं पारखलेलं. पडद्यावरचा सगळा थाट तिने काढून टाकला. ठसठशीत मराठी अक्षरं बसवली, कीबोर्डला टाइपरायटरची मांडणी जुळवली आणि दोन दिवस मशीन चालूच ठेवलं. ते एकदाही अडकलं नाही.

दोन्ही दिवस भिकाजी दुकानात बसून होता. बांगडा, वारा, होडीचं इंजिन, शेजाऱ्याची म्हैस; त्याच्या तोंडाला खळ नव्हता. मशीन घेऊन दोघं तारकर्लीला त्याच्या घरी निघाली, तेव्हा रिक्षातही तो बोलतच होता. घरापुढच्या खळ्यात पाय ठेवला आणि गप्प झाला. वर्षालीला खुर्ची दाखवली ती हातानेच.

“काका, काय झालं?”

तो तिच्या कानाशी वाकला. “तिका बोलाक येना नाय. तिच्याम्होरां मी तोंड कसा चालवू?”

वर्षालीने मशीन चालू केलं. सावित्रीने खुर्ची पुढे ओढून घेतली. एक बोट सावकाश फिरू लागलं. ती थांबली नाही, मशीनही थांबलं नाही. मग तिने पडदा नवऱ्याकडे वळवला.

भिकाजीने डोळे बारीक करून वाचलं.

‘वाचा माजी गेली. तुमची खंय गेली?’