तीन चुका

गौतमने तिसऱ्यांदा चुकीचा पासवर्ड घातला आणि पडद्यावर हवी ती ओळ उमटली: खाते बंद, आबिड्सला कळवा.

त्याने झडप घालून फोन उचलला.

"हौ, बोलिये," पलीकडून निशिगंधा म्हणाली. "आज पुन्हा?"

"पुन्हा! अगदी परेशान झालोय."

"आवाजावरून तर वाटत नाही."

कुकटपल्लीच्या त्या औषध कंपनीची पत्रं, हिशेब, सगळं आबिड्सच्या मुख्य ऑफिसातल्या एकाच सर्व्हरवर चाले. निशिगंधा त्या सर्व्हरपाशी बसे. कोण आत आलं, कोण किती चुकलं, सारं तिला तिथून दिसे; कुणाचं खातं किती चुकांनी बंद करायचं, तेही तीच ठरवी. दिवाळीच्या सुट्टीनंतर गौतम खरोखरच पासवर्ड विसरला होता. किती वेळा चुकला ते त्यालाही आठवत नव्हतं. खातं उघडून देता देता ती मध्येच ओरडली, "अगं बाई, चहा सांडला!" इतका वेळ दखनी हिंदीत बोलणारी मुलगी मराठी निघाली. तेव्हापासून गौतम रोज सकाळी मुद्दाम चुकू लागला. तीन चुका पुरत. तिला त्याने अजून पाहिलंही नव्हतं.

शेजारी तारामतीबाई नातवंडांची नावं घालून बघत होत्या. "राहुल नाही... स्वाती नाही... योगेश नाही... दीपाली नाही... हां, विजय! उघडलं बाई एकदाचं." त्यांचं रोजचंच होतं ते.

फोन गौतमच्या हातातच होता, तेवढ्यात भगवंतराव मॅनेजर येऊन उभे राहिले. "गौतम, बास झालं हे. तुझं खातं रोज बंद पडतं म्हणजे आबिड्सच्या त्या मुलीला काम येत नाही. दुपारी तिथल्या मोठ्या साहेबांना भेटतोय. बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू हे काम."

"आणि ती, साहेब?"

"ती काय? बसेल घरी."

गौतमच्या ओठांवर खरं आलं होतं, पण भगवंतराव पुढे निघूनही गेले. आता कबुली द्यायची ती थेट मोठ्या साहेबांपुढेच. आपली नोकरी गेली तरी चालेल, तिची जाता कामा नये. त्याने स्कूटर काढली आणि अमीरपेटची गर्दी कापत, हॉर्न वाजवत सुटला.

आबिड्सच्या ऑफिसात तो दोन दोन पायऱ्या गाळत चढला. वरच्या वळणावर एक मुलगी शिपायाला सांगत होती, "नक्को भाई, पानी नक्को." आवाज तोच.

"निशिगंधा?"

तिने वळून पाहिलं. डोळे लाल झालेले, पण ओठांवर हसू.

"मी गौतम. ऐका, तुमची काही चूक नाही. मीच रोज मुद्दाम चुकत होतो. तुमच्याशी बोलायला मिळावं म्हणून. आत जाऊन साहेबांना सगळं सांगतो."

"नका जाऊ. फोनवर मी सगळं ऐकलं, आत्ताच कबुली देऊन आले. खूप ओरडले, मग हसायला लागले. नोकरी राहिली."

"तुम्ही? तुम्ही कसली कबुली दिलीत?"

निशिगंधाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुमच्या तारामतीबाई रोज चार नातवंडं चुकतात," ती म्हणाली. "त्यांचं खातं कधी बंद पडलेलं पाहिलंत?"