पाद्रीसाहेबांची पेटी

सासूबाईंनी पेटी उचलली आणि सरळ पाहुणीच्या मांडीवर ठेवली. सून बघतच राहिली.

हीच ती पेटी. पाद्रीसाहेबांची लिहायची. शिसवी लाकूड, पितळी कोपरे. झाकण उघडलं की हिरव्या बनातीच्या कापडाचं, लिहायला उतरतं मेज तयार होतं, बाजूला दोन काचेच्या दौती. नवऱ्याचे पणजोबा त्यांचे खानसामा. मायदेशी परतताना साहेबांनी खूश होऊन पेटी त्यांना दिली, असं सून लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. एकदा तिने ती ओल्या फडक्याने पुसली, तर सासूबाई आठवडाभर तिच्याशी धड बोलल्या नव्हत्या.

आणि आज त्याच बाई ती परक्या माणसाच्या हवाली करत होत्या!

पाहुणी साहेबांची पणती. सातासमुद्रापलीकडून आलेली, पन्नाशीची, अडखळत मराठी बोलणारी. "फक्त बघायला आले," असं ती दारातच म्हणाली होती. पण बघता बघता माणूस मागतोच, हे सून जाणून होती. नाही कसं म्हणायचं याची तिने चार दिवस मनात तालीम केली होती. इथे तर मागण्याआधीच दान!

"अहो आई, हे काय?" ती कुजबुजली. "नेली तर?"

"नेऊ दे. तिचाही हक्क आहे."

"तिचाही म्हणजे?"

सासूबाईंनी पुढे होऊन पेटीचं झाकण उघडून दिलं. पाहुणी बनातीवरून बोटं फिरवत होती. पेटी नेण्याची घाई तिला दिसत नव्हती, आणि त्यामुळेच सुनेला जास्त धडकी भरली. काहीतरी शिजतंय, आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही.

तेवढ्यात नवरा कारखान्यातून आला. हाताला वंगण, कपाळावर घाम. "उशीर झाला, माफ करा," म्हणत तो दारात चपला काढायला वाकला आणि सरळ झाला.

पाहुणी ताडकन उठली. पेटी घसरली, सुनेने ती कशीबशी पकडली.

"तुमचा फोटो," पाहुणी म्हणाली, "आमच्या जिन्यात लावलाय. लहानपणापासून बघतेय मी."

"माझा?" नवरा हसला. मग त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने त्याच्याकडे. हा माणूस जिल्ह्याबाहेरसुद्धा कधी गेला नव्हता. बाईचं डोकं ठिकाणावर नाही की आपलं, सुनेला काही उमगेना.

पाहुणीचे डोळे भरून आले होते. "फोटोत फक्त कॉलर पांढरी आहे," ती हळूच म्हणाली. "पाद्र्यांची असते तशी."

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, पण आवाज नेहमीसारखाच करडा होता.

"उभी काय राहिलीस? पाहुणी म्हणून तिला बाहेर काय बसवलंयस, आत घे. नणंद आहे ती तुझी."