तेलाचा डाग

भिंतीवरचा ओला गोल मृण्मयीने टेपने मोजला. जमिनीपासून एकशे बारा सेंटिमीटर.

खुर्चीत बसलेले चिंतामण तिथेच डोकं टेकायचे. ते जाऊन वर्ष झालं, तरी केसांच्या खोबरेलाचा डाग भिंतीवर होताच. तो खरवडायला नवऱ्यामागे एकट्या राहिलेल्या मृण्मयीचं मन होईना, म्हणून तिने शेडकार्डावरचा सर्वांत गडद तपकिरी रंग निवडला.

"तेल आहे मॅडम, वर येणारच," रंगारी रहेमानभाई म्हणाले. "मग चॉकलेटी लावा नाहीतर डांबर!"

भिंत वाळली. डागाची जागा तेवढी ओली राहिली.

दुसऱ्या सकाळी तो एकशे एकवीसवर होता आणि खालची जागा कोरडी. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या मृण्मयीने पुन्हा मोजलं. तेल पसरतं, हे तिला माहीत होतं. ते असं जागा सोडून वर चढत नाही.

तिसऱ्या सकाळी एकशे अडतीस.

"आई, पुण्याला कधी येतेस? वर्षभर नुसतं बघू, बघू," सई फोनवर चिडली.

"बघू गं." ह्यांना इथे एकटं टाकून कसं जायचं, हे लेकीला कसं सांगणार?

पाचव्या सकाळी एकशे चौसष्ट. उभे राहिले की चिंतामणांचं डोकं बरोबर तिथे टेकायचं.

सहाव्या सकाळी सगळी भिंत कोरडी होती. मृण्मयीने हात फिरवून पाहिला. तेवढ्यात पाठीमागून, अगदी मानेजवळ, खोबरेलाचा वास आला.

तिने मागे न बघता फोन लावला.

"सई, आज निघते मी. बाबाही उठलेत."