शाल कुणाची

सत्काराची शाल दिसताच खासदार पद्माकर ढोबळ्यांनी सवयीनं मान वाकवली. लोकसभेत हल्ली खासदारांच्या जागी हुबेहूब त्यांच्यासारखी यंत्रंच बोलायची. ढोबळे मात्र मतदारसंघातली लग्नं-बारशी उरकत फिरायचे.

"सारोळीचं दुखणं दिल्लीत मांडताना गळा भरून आला तुमचा," धुरपदाबाई शाल उलगडत म्हणाल्या. "अख्ख्या गावानं टीव्हीवर बघितलं."

"येणारच की! रस्ता आता झालाच म्हणून समजा."

पारावर शाल उलगडणारे म्हाताऱ्या धुरपदाबाईंचे हात थांबले.

"रस्ता न्हाई साहेब, पाणी. बोअरच्या पाण्यानं पोरांचे पाय वाकडे झाले. कितींदा तुमच्या दारात येऊन सांगितलं." म्हातारीनं शालीची पुन्हा घडी घातली आणि ती त्यांच्या हातात ठेवली. "म्हंजी रडलं ते यंत्रच. त्याला तेवढी पोचती करा."

ढोबळ्यांना वाकवलेली मान वर करवेना.